बाळ मान उशिरा का धरतं: जन्माच्या आसपास थायरॉईड कमी पडलं तर मेंदूचं आणि हालचालींचं काय होतं

"किती गुणाचं बाळ आहे हो, रडत नाही, नुसतं झोपून असतं, दूध पाजायला पण उठवावं लागतं." बाळंतिणीच्या खोलीत हे कौतुकानं बोललं जातं, आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतंही. पण जोडीला कावीळ तीन-तीन आठवडे उतरत नाहीये, शी दोन-तीन दिवसांनी होतेय, बेंबी बाहेर आलीये, आवाज घोगरा आहे, जीभ जरा मोठी वाटतेय आणि हातपाय गार लागतायत असं असेल तर कृपया "होईल हळूहळू" म्हणत थांबू नका, त्याच दिवशी बाळाचं थायरॉईड बघून घ्या. मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. आमच्याकडे मुलं येतात ती "मान धरत नाही", "अजून बसत नाही" म्हणून, आणि त्यातल्या काहींचं खरं कारण मानेतल्या त्या छोट्याशा ग्रंथीत असतं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय.

मोठ्या माणसाचं थायरॉईड कमी झालं तर वजन वाढतं, थकवा येतो, केस गळतात, गोळी सुरू केली की हळूहळू गाडी रुळावर येते. बाळाचं तसं नाही. कारण बाळाचा मेंदू अजून बांधला जातोय आणि ह्या बांधकामाला हे हार्मोन लागतं, ते पण ठरलेल्या वेळेला. ज्यांनी घर बांधलंय त्यांना माहितीये, स्लॅब टाकल्यावर पहिले काही दिवस त्याला पाणी मारावंच लागतं, ते दिवस गेले आणि स्लॅब कोरडा सुकला की नंतर टँकर ओतला तरी ती ताकद परत येत नाही. बाळाच्या मेंदूचं अगदी तेच, त्यामुळे ह्या विषयात "किती औषध" ह्याच्याइतकाच "कधी" हा प्रश्न महत्त्वाचा.

आता मुळातून बघू. थायरॉईड मुख्यतः टी४ नावाचं हार्मोन बनवतं, त्यात आयोडीनचे चार अणू असतात. मेंदूत प्रत्यक्ष काम करतं ते टी३, म्हणजे त्यातला एक आयोडीन काढून टाकलेलं रूप, आणि हे काढायचं काम मेंदूतल्याच ॲस्ट्रोसाईट नावाच्या मदतनीस पेशी करतात. तिथून टी३ शेजारच्या मज्जापेशीत जातं, थेट केंद्रकापर्यंत, आणि तिथे बसलेल्या रिसेप्टरला चिकटून कुठले जीन चालू करायचे ते ठरवतं. म्हणजे हे हार्मोन नुसती "एनर्जी" देत नाही, कुठली पेशी कधी कुठे जाईल, तिला फांद्या किती फुटतील हे सांगतं.

पोटात असताना बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण १०-१२ आठवड्यांना काम सुरू करते पण खरं नीट उत्पादन व्हायला अर्धं गरोदरपण उलटतं. तोपर्यंत सगळी भिस्त आईच्या टी४ वर. आणि नंतरही आईचं हार्मोन वारेतून थोडं थोडं जातच राहतं. १९८९ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एक सुंदर गोष्ट दाखवली, ज्या बाळांना स्वतःला टी४ बनवताच येत नव्हतं अशा बाळांच्या नाळेच्या रक्तात टी४ सापडलं, इतर बाळांच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मं. ते आईचंच होतं. हाच आधार आणि हीच अडचण. आईनं पुरवलंय म्हणून बाळ जन्मतः अगदी छान दिसतं, वजन चांगलं, रंग चांगला, डॉक्टरांनाही बघून कळत नाही. मग नाळ तुटते, आईचा साठा थोड्या दिवसांत संपतो आणि खरी कमतरता सुरू होते ती घरी गेल्यावर. वर जी लक्षणं सांगितली ना, ती नीट दिसेपर्यंत कित्येकदा मोलाचे आठवडे गेलेले असतात.

कमतरता का होते? बहुतेक बाळांमध्ये ग्रंथी नीट तयारच झालेली नसते, एकतर नसतेच, किंवा खूप छोटी असते, किंवा मानेत खाली उतरायच्या ऐवजी जिभेच्या मुळाशीच राहिलेली असते. काहींमध्ये ग्रंथी असते पण हार्मोन बनवायची एखादी पायरी बिघडलेली असते. ग्रंथीच्या ह्या बिघाडात आईनं काय खाल्लं, ग्रहणात बाहेर गेली का, ह्याचा काहीही संबंध नाही (आईलाच आयोडीन कमी पडणं ही वेगळी गोष्ट, ती पुढे येते), आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण घरात दोष सगळ्यात आधी आईवरच येतो. आपल्याकडे हा आजार दुर्मिळही नाही, आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, वेगवेगळ्या शहरांत मिळून एक लाखाच्या वर नवजात बाळं तपासली तेव्हा साधारण अकराशे बाळांमागे एक असं प्रमाण आलं. पाश्चात्त्य देशांत वर्षानुवर्षं तीन-चार हजारांत एक असं सांगितलं जायचं.

आता हालचालींकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली, लहान मेंदू असतो. वजनानं अख्ख्या मेंदूचा दहावा हिस्सा पण मेंदूतल्या एकूण मज्जापेशींपैकी जवळपास ८० टक्के तिथे दाटीवाटीनं बसलेल्या. तोल सांभाळणं, हात नेमका कपापर्यंत नेणं, पाऊल किती उचलायचं हे सगळं तिथून जुळवलं जातं. ह्या लहान मेंदूचं काम जन्मानंतरही सुरूच असतं, बाहेरच्या थरात दाणेदार छोट्या पेशी तयार होतात आणि मग तिथून आत सरकत आपापल्या जागेवर जातात, हे सरकणं माणसाच्या बाळात पहिल्या वर्षभर चाललेलं असतं. त्यांच्याच वाटेत पुर्किन्ये नावाच्या मोठ्या पेशी असतात, ज्यांना पंख्यासारखा फांद्यांचा पसारा फुटतो आणि लाखभर जोडण्या त्या पसाऱ्यावर होतात.

उंदरांमध्ये हे काम जन्मानंतर तीन आठवड्यांत उरकतं म्हणून अभ्यास करायला सोपं. आईच्या पाण्यात थायरॉईड बंद पाडणारं औषध घातलं की पिल्लांमध्ये काय दिसतं? बाहेरचा थर वेळेत रिकामाच होत नाही, पेशी उशिरा सरकतात, काही वाटेतच मरतात, पुर्किन्ये पेशींच्या फांद्या आखूड आणि विरळ राहतात. पिल्लू डोळे उशिरा उघडतं, उताणं टाकलं तर पालथं व्हायला जास्त वेळ लावतं, आणि मोठं झाल्यावर फिरत्या दांड्यावर तोल सांभाळून चालायला लावलं की लवकर पडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या दोन आठवड्यांच्या आत हार्मोन दिलं तर बरंचसं सावरतं, त्यानंतर दिलं तर वजन वाढतं, अंग वाढतं, पण लहान मेंदूची ती घडण तशीच राहते.

इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. माद्रिदच्या संशोधकांनी २००२ मध्ये असे उंदीर घेतले ज्यांच्यात टी३ चा अल्फा-१ हा रिसेप्टरच नव्हता, आणि त्यांचं थायरॉईड बंद पाडलं. अपेक्षा अशी की आता तर दुप्पट नुकसान. झालं उलटं, त्यांचा लहान मेंदू जवळपास नॉर्मल निघाला. म्हणजे काय, तर रिकामा रिसेप्टर गप्प बसत नाही, हार्मोन नसलं की तो जीन दाबून धरतो, आणि मोठं नुकसान त्या दाबून धरण्यानं होतं. हार्मोन येऊन त्याला बाजूला करेपर्यंत काम अडलेलं.

लहान मेंदूच्या जोडीला दुसरी गोष्ट म्हणजे मायलिन, मज्जातंतूंवरचं स्निग्ध आवरण, ज्याच्यामुळे निरोप वेगानं जातो. ते बनवणाऱ्या पेशींना तयार हो म्हणून सांगायला टी३ लागतं. तिसरी गोष्ट कान, आतल्या कानाची घडण सुद्धा ह्याच हार्मोनवर. आणि स्नायू तर आहेतच. म्हणून मूल आमच्याकडे येतं तेव्हा चित्र मिश्र असतं. हाताला धरून हळूच बसवायला गेलं की डोकं मागे लोंबतं, मांडीवर घेतलं की अंग सैल, हातातून निसटेल असं. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, रांगणं सगळं मागे पडत जातं. जरा मोठ्या मुलात रिफ्लेक्स बघितला तर हातोडीच्या टोल्यानं पाऊल हलतं खरं पण जागेवर परत यायला रेंगाळतं, हे एकदा बघितलं की विसरत नाही. आणि काही मुलं, ज्यांचं निदान खूपच उशिरा होतं, त्यांच्या पोटऱ्या आणि खांदे पैलवानासारखे भरलेले दिसतात, घरच्यांना वाटतं बाळसं धरलंय, तब्येत दणकट आहे, पण त्या स्नायूंत जोर नसतो. ह्याला कोखर-देब्रे-सेमेलेन सिंड्रोम म्हणतात, आणि गोळी सुरू केल्यावर स्नायूंचं हे दिसणं काही महिन्यांत उतरतं. स्नायू उतरतात, मेंदूचं गेलेलं मात्र तितकं परत येत नाही, हा फरक मनात पक्का ठेवा.

हार्मोन रक्तात आहे पण मेंदूत नाही असंही होऊ शकतं. पेशीच्या भिंतीतून टी३ आत नेणारं एमसीटी८ नावाचं एक दार आहे, त्याचा जीन एक्स गुणसूत्रावर, म्हणून त्यात बिघाड झाला तर त्रास मुख्यतः मुलग्यांना. त्यांच्या रक्तात टी३ उलट जास्तच सापडतं, तरी मान धरत नाही, अंग सैल, आणि पुढे हातपाय ताठर होत जातात. फार दुर्मिळ आहे हे, पण हालचालींचं नुकसान नेमकं मेंदूत हार्मोन न पोचल्यानं होतं हे ह्या मुलांमुळे अगदी स्पष्ट कळलं.

आता आईकडे. १९०८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन ह्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं गिलगिट आणि चित्रालच्या खोऱ्यांतल्या लोकांबद्दल लिहिलं, तिथे गलगंड घरोघरी होता आणि त्याच घरांत दोन प्रकारची मुलं दिसत होती. एक बुटकी, सुजल्यासारखी, सुस्त, म्हणजे स्वतःचं थायरॉईड कमी असलेली. दुसरी उंचीनं बरी, पण बहिरी, बोलू न शकणारी, गुडघ्यात वाकून पाय ताठ ठेवून चालणारी. ह्या दुसऱ्या प्रकारात मुलाची स्वतःची ग्रंथी पुढे कित्येकदा ठीकच असते. नुकसान झालेलं असतं ते गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात, आईलाच आयोडीन नव्हतं तेव्हा.

हे पक्कं सिद्ध झालं पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात. १९६६ पासून तिथे एकाआड एक कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाचं इंजेक्शन दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाईनचं. पुढे जन्मलेल्या मुलांत, सलाईनवाल्या गटात २६ मुलं अशी गंभीर बाधा झालेली निघाली, तेलवाल्या गटात ७, आणि त्या ७ पैकी ६ जणांच्या आया इंजेक्शन घेताना आधीच गरोदर होत्या. आधीच गरोदर! म्हणजे आयोडीन पोटात बाळ रुजण्याच्या आधी शरीरात हवं. नंतर ह्याच भागातली वरून पूर्ण निरोगी दिसणारी मुलं मोठी झाल्यावर त्यांच्याकडून मणी ओवून घेतले, छिद्रांच्या पाटीत खुंट्या बसवून घेतल्या आणि वेळ मोजली. ज्यांच्या आयांना आयोडीन मिळालं नव्हतं ती मुलं ह्या हातकामात सावकाश निघाली. १९७९ साली हे छापून आलं. मी रोज मुलांकडून मणी ओवून घेते आणि मला हा निकाल सारखा आठवतो, कारण ह्या मुलांना कोणी "आजारी" म्हटलंच नसतं, फक्त हात जरा सावकाश आहे म्हटलं असतं.

आपल्या देशात कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठात आयोडीन घालून बघितलं, गलगंड स्पष्ट कमी झाला, आणि त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम आला. आज दुकानात पुड्यावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असतं ते आयोडीनयुक्त मिठाचं, आपल्यापर्यंत पोचताना त्यात निदान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग, आयोडीन असायला हवं. आता मात्र घराघरांत सैंधव आणि गुलाबी मीठ "नैसर्गिक" म्हणून आलंय, गावाकडे जाडं मीठ असतंच, आणि त्यात बहुतेक वेळा वरून आयोडीन घातलेलं नसतं. उपासाला चालेल, पण मूल हवंय किंवा दिवस गेलेत अशा बाईच्या रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनयुक्त मीठच पाहिजे, ह्यावर माझं मत ठाम आहे. गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

ज्यांची थायरॉईडची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी दिवस गेले की गोळी बंद करायची नाही. "बाळाला बाधेल" म्हणून घरचे बंद करायला लावतात, आणि खरं तर त्या वेळी डोस बहुतेकींचा वाढवावा लागतो, तोही पहिल्या महिन्यांतच. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात गरोदरपणी थायरॉईड कमी असून उपचार न झालेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी आला होता. मात्र दुसरी बाजूही सांगते, २०१२ मध्ये ब्रिटन आणि इटलीतल्या मोठ्या चाचणीत आईची अगदी सौम्य कमतरता साधारण १३ आठवड्यांपासून गोळी देऊन भरून काढली, पण तीन वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉईडला "काम कर" म्हणून सांगणारं हार्मोन, थायरॉईड कमी पडलं की हे वाढतं) किंचित वर आलं म्हणून रात्रभर रडत बसायचं कारण नाही, डॉक्टरांशी बोला.

परत बाळाकडे. तपासणी नव्हती तेव्हाच्या काळातला, १९७२ साली छापलेला एक अभ्यास आहे, उपचार तीन महिन्यांच्या आत सुरू झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९, आणि सहा महिन्यांनंतर सुरू झालेल्यांचा ५४. फक्त काही महिन्यांचा फरक. त्यानंतर दोनच वर्षांनी कॅनडात क्वेबेकमध्ये ज्याँ ड्युसो ह्यांनी कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबातून थायरॉईड तपासायची पद्धत सुरू केली आणि मग जगभर पसरली. टाचेच्या कडेला, मधोमध नाही, बारीक टोचतात, जाड कागदावर छापलेल्या गोलांत थेंब भिजू देतात, कागद आडवा ठेवून सुकवतात आणि लॅबला पाठवतात. जन्मल्यावर पहिल्या दिवशी टीएसएच आपोआप खूप उसळी मारतं म्हणून ४८ तासांनंतर घेणं बरं, नाहीतर नाळेच्या रक्तातून घेतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, जुळी, किंवा डाऊन सिंड्रोम असलेली बाळं असतील तर काही आठवड्यांनी परत तपासावं लागतं, पहिली नॉर्मल आली तरी.

आपल्याकडे मात्र ही तपासणी अजून प्रत्येक बाळाची होत नाही. गोव्यानं २००८ मध्ये नवजात तपासणी सुरू केली होती, २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, पण तुमच्या दवाखान्यात होतेच असं गृहीत धरू नका. डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट विचारा, बाळाचं टीएसएच घेतलं का, रिपोर्ट कधी, कुणाकडे. आणि बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर तिथला फोन नंबर लिहून द्या. रिपोर्ट येतो आणि घरचे सापडत नाहीत असं होतं.

रिपोर्ट खराब आला तर उपचार साधा आणि स्वस्त. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी४ चीच गोळी, दर किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम रोज, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू. तीन किलोच्या बाळाला म्हणजे बऱ्याचदा २५ ची दीड गोळी येते, डोस अर्थात तुमचे डॉक्टरच ठरवणार. गोळी दोन चमच्यांमध्ये चुरायची, त्यात चमचाभर आईचं दूध किंवा पाणी, आणि लगेच पाजायचं, चमच्यानं किंवा बोंडल्यानं, चमच्याला चिकटलेली पूड परत थोड्या दुधात विसळून तीही द्यायची. अख्ख्या बाटलीत मिसळायचं नाही, अर्धी बाटली उरली की अर्धा डोस गेला. आदल्या रात्री भिजवून ठेवायचं नाही. लोहाचे किंवा कॅल्शियमचे थेंब चालू असतील तर चार तासांचं अंतर, सोयाचं दूध टाळलेलं बरं. डबीचं झाकण घट्ट, पावसाळ्यात तर नक्कीच. सुरुवातीला रक्त वरचेवर तपासावं लागतं कारण बाळ वाढतं आणि डोस मागे पडतो. तीन वर्षांनंतर काही मुलांमध्ये डॉक्टर गोळी थांबवून बघतात, ग्रंथी स्वतः काम करायला लागली का ते, पण तोपर्यंत "आता छान आहे" म्हणून स्वतःहून एकही दिवस बंद नको.

वेळेत सुरू झालेली मुलं शाळेत जातात, खेळतात, कॉलेजला जातात. बारीक खुणा मात्र काहींमध्ये राहू शकतात. नेदरलँड्समध्ये १९८१-८२ साली जन्मलेल्या, तपासणीतूनच सापडलेल्या मुलांना तरुणपणी परत तपासलं तेव्हा तोल, हाताचं कौशल्य आणि चेंडू फेकणं-झेलणं ह्यात काहीजण कमी पडत होते, मुख्यतः ज्यांची जन्मतः कमतरता तीव्र होती ते. म्हणजे पोटातच थोडं नुकसान झालेलं असू शकतं. अशा मुलाला बटण लावायला वेळ लागतो, पेन्सिल घट्ट धरून हात दुखतो, जिना उतरताना कठडा सोडत नाही. हा आळस नाही आणि शिस्तीनं सुटणाराही नाही, सरावानं मात्र बराच सुधारतो, कणीक मळणं, मणी ओवणं, लंगडी, भिंतीवर चेंडू मारून झेलणं, रोज थोडं थोडं. गोळी चालू असलेलं तुमचं मूल चार-पाच वर्षांचं झालं असेल तर पुढच्या व्हिजिटला टीएसएचच्या जोडीनं तीन गोष्टी विचारून घ्या, कानाची तपासणी झालीये का, हाताच्या बारीक कामांचं असेसमेंट करायचं का, आणि एका पायावर ते किती वेळ उभं राहतं हे कोणी बघितलंय का.